हनुवटीवरची हुंडी

जळगाव-धुळ्याकडे माणसाने दाढी वाढवावी, अशी समाजमान्य कारणं चारच आहेत. घरात सुतक आहे, श्रावण पाळलाय, वणीच्या देवीला नवस बोललाय किंवा पाहून आलेल्या मुलीकडून नकार आलाय. यांतलं एकही कारण नसताना घरातल्या तरण्या पोराची हनुवटी काळी पडायला लागली, की आधी गल्लीतला सलूनवाला अस्वस्थ होतो, मग आई आणि आठ-पंधरा दिवसांनी वडील. धुळ्यात कुणीतरी विचारतंच, "काय व्हयनं रे भाऊ?" जळगावात विचारतात, "काय झालं रे भो?" त्यावर तो खिडकीबाहेर बघत सांगतो, "दोस्तोएव्हस्की वाचतोय." विचारणारा अर्धं पाऊल मागे सरकतो. आजाराचं नाव पहिल्यांदाच ऐकलेलं असतं. पण दुखणं लांबणार, एवढं चेहऱ्यावरून कळतं. रशियन कादंबरी हातात घेऊन दाढी राखणारा हा खानदेशी तरुण टिंगलीचा विषय होतो, यात नवल नाही. त्याच्या दाढीचा हिशेब मात्र कुणी नीट मांडत नाही. तो मांडला, तर टिंगल करणाऱ्यांचंच काही देणं निघेल, असं वाटतं.

आधी तो ओळखायचा कसा, ते पाहू. वय एकोणीस ते सत्तावीस. पदवी झालेली, स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरलेला आणि खोली दोघांत मिळून घेतलेली. जळगावात तो संध्याकाळी काव्यरत्नावली चौकात सापडतो, धुळ्यात देवपुरातल्या एखाद्या टपरीवर. खांद्याला शबनम, शबनममध्ये पुस्तक आणि पुस्तकाचा कणा पिशवीबाहेर इतकाच, की लेखकाचं नाव वाचता यावं. पुस्तकात खूण म्हणून एसटीचं तिकीट असतं. ते पहिल्या दीडशे पानांच्या अलीकडे बसलेलं असतं आणि त्यावरची शाई पुसट झालेली असते, यावरून ते तिथे केव्हापासून आहे याचा अंदाज बांधता येतो. शेवभाजी खाताना तर्री मिशीला लागते. ती तो रुमालाने न पुसता मनगटाने पुसतो, कारण रशियन शेतकरी असंच पुसत असणार, अशी त्याची समजूत आहे. चहा तो अलीकडे बशीत ओतून पितो. जुने रशियन व्यापारी बशीतूनच पीत, हे त्याने कुठेतरी वाचलंय. त्याचे आजोबाही जन्मभर बशीतूनच प्यायले. पण त्यांचं पिणं अडाणीपणात जमा झालं, नातवाचं वाङ्मयात.

त्याच्यावरचा पहिला आरोप असा, की तो कादंबरीतल्या नायकाची नक्कल करतो. हा आरोप पुराव्यापुढे टिकत नाही. रशियन कादंबऱ्यांतल्या नायकांना दाढ्या फारच कमी आहेत. 'क्राइम अँड पनिशमेंट'मध्ये रास्कोल्निकोव्हच्या विटक्या हॅटचं वर्णन दोस्तोएव्हस्की चवीने करतो. त्याच्या दाढीबद्दल तसा उत्साह दाखवत नाही. त्याचा मित्र राझुमिखिन नेहमी दाढी नीट न घोटलेला, असा येतो. म्हणजे तो दाढी करतो, फक्त वाईट करतो. तुर्गेनेव्हच्या बझारोव्हला नुसते वाळूच्या रंगाचे कल्ले आहेत. 'ओब्लोमोव्ह'मध्ये केसांचं वैभव मालकाकडे नसून झाखार नावाच्या नोकराच्या कल्ल्यांत आहे. 'अ‍ॅना कॅरेनिना'च्या दुसऱ्याच प्रकरणात तर न्हावी घरी येऊन स्तीवा ओब्लोन्स्कीची दाढी करून जातो, म्हणजे टॉलस्टॉयने वाचकाला वेळेवर सूचना दिली होती. त्या कादंबरीत लेविनला कुरळी दाढी आहे, हे खरं. पण त्याची जमीन बघता ती त्याला परवडतेही. 'इडियट'मधल्या प्रिन्स मिश्किनला दाढी आहे ती विरळ, टोकदार आणि जवळजवळ पांढरी. आपल्या तरुणाला पहिले दोन महिने जे काही उगवतं, ते याच्या सगळ्यात जवळचं असतं. फक्त रंग सोडून.

मग ही घनदाट दाढी येते कुठून? ती येते मुखपृष्ठावरून. टॉलस्टॉयच्या पुस्तकावर टॉलस्टॉयचाच फोटो असतो, दोस्तोएव्हस्कीच्या पुस्तकावर पेरोव्हने १८७२ मध्ये काढलेलं ते गुडघ्यावर हात बांधून बसलेलं चित्र. तरुणाने नायकाकडे बघितलेलंच नाही, तो सरळ लेखकाकडे गेलाय. गंमत म्हणजे लेखकसुद्धा दाढी घेऊन जन्मला नव्हता. १८५६ चं एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. त्यात तुर्गेनेव्ह, गोंचारोव्ह, ऑस्ट्रोव्हस्की या मंडळींबरोबर तरुण टॉलस्टॉय सैनिकी गणवेशात दिसतो, आणि त्याला फक्त मिशी आहे. सेवास्तोपोलच्या लढाईवरच्या ज्या कथांनी त्याचं नाव झालं, त्या या मिशीवर लिहिलेल्या आहेत. खुद्द रशियातही दाढी हा साधा मामला नव्हता. पीटर द ग्रेट युरोप पाहून १६९८ मध्ये परतला आणि त्याने सरदारांच्या दाढ्या स्वतःच्या हाताने कापल्या. पुढे १७०५ मध्ये दाढीवर कर बसवला. श्रीमंत व्यापाऱ्याला वर्षाला १०० रुबल भरून तांब्याचं टोकन घ्यावं लागे. जवळजवळ दीडशे वर्षांनी कोन्स्तान्तिन अक्साकोव्हसारख्या विचारवंतांनी आपण अस्सल रशियन आहोत हे दाखवायला मुद्दाम दाढी आणि देशी पोशाख धरला. त्यावर विचारवंत चादायेव्हची एक कोटी लेखक हर्झेनने नोंदवून ठेवली आहे. अक्साकोव्ह इतका रशियन दिसायला लागला, की रस्त्यातले लोक त्याला इराणी समजत. १८४९ मध्ये सरकारने सरदार घराण्यांतल्या दाढ्यांवर बंदी आणली आणि ती दाढीही गेली. तेव्हा रशियन दाढी वाढवावी आणि गल्लीने तिचा भलताच अर्थ लावावा, हे आपल्या तरुणाच्या नशिबी पहिल्यांदा आलेलं नाही. अक्साकोव्हला इराणी ठरवलं, याला सुतकी ठरवतात, इतकाच फरक.

नक्कल करायची तर दाढीचीच का, याला मात्र खानदेशी कारण आहे. पुस्तक आवडलं की त्यातलं काहीतरी अंगावर घ्यावंसं वाटणं, हा वाचकांचा जुना रोग आहे. १७७४ मध्ये गटेची 'वेर्थर' कादंबरी आली, तेव्हा युरोपातल्या तरुणांनी निळे कोट आणि पिवळी वेस्टकोटं शिवून घेतली. आता रशियन कादंबरीतलं जळगावात काय अंगावर घेता येईल? मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. तिथे केसाळ ओव्हरकोट घातला, तर कादंबरी दवाखान्यात संपेल. बर्फ मिळतो तो रसवंतीवर. घसरगाडी नाही, समोवार नाही, द्वंद्वयुद्ध गेलं आणि फ्रेंच बोलावं तर समोर बोलणारा कोणी नाही. भाषा उचलायची सोयही नाही. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ मध्ये आली, तेव्हा ती वाचून पोरांची जीभ बदलली. प्रत्येक वाक्याला 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' लागायला लागलं. घरची कादंबरी असल्याने ती जिभेवर बसली. रशियन कादंबरी आपल्याकडे भाषांतरातून येते, तीही पुष्कळदा इंग्रजीला वळसा घालून. तिला जिभेवर जागा मिळत नाही, म्हणून ती जरा खाली, हनुवटीवर उतरते. शिवाय दाढीला भांडवल लागत नाही. उलट सलूनचे पैसे वाचतात.

आता मुख्य मुद्दा. ही दाढी म्हणजे हुंडी आहे. जळगावच्या सराफ्यात आणि धुळ्याच्या पेठेत ज्यांच्या आजा-पणजांनी व्यापार केला, त्यांना हे समजावून सांगायला नको. हुंडी म्हणजे पैसे नव्हेत, पैसे देण्याचं वचन. तिच्यावर माल उचलता येतो. पण मुदत भरली की ती सकारावी लागते, नाहीतर पत जाते. तरुणाने दाढी राखली म्हणजे पुस्तक वाचलं, असं तो स्वतःही म्हणत नाही. नीट ऐका, तो म्हणतो "वाचतोय". चेहऱ्यावर त्याने वचन लिहून दिलंय, लिहिणारा तोच आणि सकारणाराही तोच. त्या वचनावर आज तो थोडा मान उचलतो, टपरीवर उधार चहा उचलतो आणि वाद झाला की शेवटचा शब्द उचलतो. मुदतही गणिताने काढता येते. 'वॉर अँड पीस'मध्ये ३६१ प्रकरणं आहेत. रोज एक वाचलं, तर चार दिवस कमी वर्ष लागेल. दाढी महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते. म्हणजे प्रामाणिक वाचकाची दाढी कादंबरी संपताना बारा सेंटिमीटर भरली पाहिजे. जिथे दाढी छातीला टेकली आहे आणि नेपोलियनने अजून रशियाची हद्द ओलांडलेली नाही, तिथे हुंडी थकली आहे, असं खुशाल समजावं.

यावर एक आक्षेप हमखास येतो. हल्ली दाढी कोणाला नाही? क्रिकेटवाल्यांना आहे, दक्षिणेतल्या सिनेमातल्या नायकांना आहे, त्यांचं बघून नव्या पेठेतल्या निम्म्या पोरांना आहे. त्यांतला रशियन कोणता, हे ठरवायचं कसं? याचं उत्तर हुंडीच्या व्यवहारातच आहे. हुंड्या दोन प्रकारच्या, दर्शनी आणि मुदती. दर्शनी हुंडी दाखवली की लगेच पैसे. सिनेमावाली दाढी दर्शनी आहे. ती सलूनमध्ये 'सेट' होते, कडेने रेघ मारली जाते, कल्ल्याकडे झिरो मशीन फिरतं, आणि खुर्चीतून उठल्याबरोबर तिची सगळी किंमत आरशात वसूल होते. तिच्यामागे काही द्यायचं राहत नाही. रशियन दाढी मुदती आहे. तिला कात्री लावायची नाही, कारण कात्री लावली की तारीख मोडली. सलूनवाला आशेने विचारतो, "सेट करून देऊ का?" त्यावर हा अशा नजरेने बघतो, की सलूनवाला वस्तरा खाली ठेवतो. या नकारात जी शिस्त आहे, ती फॅशनवाल्याकडे नसते.

दुसरा आक्षेप अधिक कडू आहे. ही सगळी बतावणी आहे, पुस्तक उघडलेलंही नसतं, असं पुष्कळजण म्हणतात. काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. बाजारात खोट्या हुंड्याही फिरतात. खोटी ओळखायची रीत मात्र दोस्तोएव्हस्कीनेच देऊन ठेवली आहे. 'ब्रदर्स कारामाझोव्ह'मध्ये म्हातारा फ्योदोर आपल्या मुलाला, इव्हानला, लाकडाच्या एका व्यापाऱ्याशी सौदा करायला पाठवू बघतो आणि सांगतो, की त्या माणसाच्या डोळ्यांकडे बघू नकोस, दाढीकडे बघ. बोलता बोलता तो चिडला आणि दाढी थरथरायला लागली, तर माणूस खरं बोलतोय. तो हसत हसत डाव्या हाताने दाढी कुरवाळायला लागला, तर फसवतोय. ही कसोटी काव्यरत्नावली चौकात जशीच्या तशी चालते. आपल्या तरुणाला विचारावं, इव्हानचं देवाबद्दलचं म्हणणं तुला पटतं का? तो उसळला, चहा सांडला, दाढी हलायला लागली, तर तो तिथपर्यंत पोचलाय. तो मंद हसला, हात दाढीवर गेला आणि "ते शब्दांत सांगता यायचं नाही" असं म्हणाला, तर तिकीट अजून दीडशे पानांच्या अलीकडेच आहे.

तिसरा आक्षेप या लेखाच्या मुळावरच येतो, म्हणून तो टाळता येत नाही. बायकांना दाढी येत नाही. मग रशियन कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलींचं काय? जळगावचं व. वा. वाचनालय १८७७ सालचं आहे, म्हणजे रशियात 'अ‍ॅना कॅरेनिना' मासिकातून शेवटाकडे येत होती त्या वर्षीचं. अशा वाचनालयातून अ‍ॅना घरी नेणारी मुलगी स्वयंपाक, क्लास आणि पाव्हणेरावळे सांभाळून ती संपवते, परत करते आणि पुढचं पुस्तक घेते. तिच्या चेहऱ्यावर कसलीही खूण उमटत नाही, म्हणून तिला कुणी काही विचारतही नाही. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला तोडत नाही, उलट पुरा करतो. ती रोखीने व्यवहार करते. रोखीवाल्याला हुंडी लिहायची गरजच काय? खानदेशात टॉलस्टॉय ज्याने खऱ्या अर्थाने पचवला, त्याचाही व्यवहार असाच रोखीचा होता. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणाऱ्या साने गुरुजींनी टॉलस्टॉयच्या कलाविषयक ग्रंथावरून 'कला म्हणजे काय?' हे पुस्तक मराठीत आणलं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं उतरवून घेतली, तीही त्यांनीच. गुरुजींचे फोटो बघा. डोक्यावर टोपी आणि चेहरा गुळगुळीत. ज्यांनी दक्षिण आफ्रिकेत १९१० मध्ये टॉलस्टॉयच्या नावाने आश्रमच काढला, त्या गांधीजींनाही फक्त मिशी. त्या तुरुंगातल्या विनोबांची दाढी पुढे भूदानाच्या पदयात्रेत सगळ्या देशाला ओळखीची झाली. पण तिचा उगम रशियात शोधायचं कारण नाही. तेव्हा नियम असा निघतो, की ज्याने पुस्तक पूर्ण केलं त्याला दाढीची गरज उरत नाही. ज्याचं व्हायचंय त्याला ती लागते.

शेवटचा आक्षेप शहाण्या माणसांचा असतो. कापूस, केळी आणि सोनं यांच्या मुलखात रशियन कादंबरीचं काय काम? जवळ आपली बहिणाबाई आहे, तिला वाचा म्हणावं. बहिणाबाई वाचावीच, त्यात वाद नाही. पण रशियन कादंबरी खानदेशात परकी आहे, हे पटत नाही. रशियन नावांनी लोक घाबरतात. पण रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव्ह म्हणजे आपलंच नाव आहे, स्वतःचं, मग बापाचं, मग घराण्याचं. घरात एक नाव, बाहेर दुसरं, हेही आपल्याकडे आहेच. नाना, आप्पा, आबा, बापू यांची खरी नावं लग्नपत्रिकेत वाचूनच कळतात. बापाचं चांदीचं घड्याळ गहाण टाकणारा आणि खोलीचं भाडं थकवणारा विद्यार्थी धुळ्याला अनोळखी नाही. जमीन गहाण पडत असताना ओसरीवर बसून जगाच्या भवितव्यावर बोलणारे जमीनदार चोपड्यापासून शहाद्यापर्यंत होऊन गेले. हवामानही जुळतं. रशियन माणसाला बर्फ सहा महिने घरात कोंडतो, खानदेशी माणसाला ऊन. उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच बाहेर पाय टाकायची सोय नाही, पंखा गरम हवा फेकतो, झोप येत नाही. हजार पानांची कादंबरी लिहिणाऱ्याला जो सक्तीचा रिकामा वेळ लागतो, तोच वाचणाऱ्यालाही लागतो, आणि तो इथे निसर्ग फुकट पुरवतो. एके काळी मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची जाड पुस्तकं प्रदर्शनातून मूठभर रुपयांत मिळत. सोव्हिएत संघ गेला, तसा तो पुरवठा आटला. दुपार मात्र अजून तेवढीच लांब आहे.

म्हणूनच टिंगल करणाऱ्यांकडे देणं निघतं, असं सुरुवातीला म्हटलं. गावात कुणी सोनं घेतलं तर चार बायका भाव विचारतात, केळीचा ट्रक गेला तर चार माणसं दर विचारतात. पुस्तक घेतलं तर कुणी काही विचारत नाही. दाढी राखली की निदान कारण विचारतात आणि उत्तरादाखल का होईना, दोस्तोएव्हस्कीचं नाव गल्ली नंबर चारमध्ये ऐकू येतं. पण हुंडी नुसती लिहून चालत नाही, धनकोने तगादा लावावा लागतो. तो धनको म्हणजे गाव. आपण त्याला "दाढी कधी काढणार?" असं विचारतो, तो चुकीचा तगादा आहे. विचारायला हवं, "कुठपर्यंत आलं?" 'वॉर अँड पीस'मधला पिएर फ्रेंचांच्या हातून सुटला का? सोन्या शेवटपर्यंत रास्कोल्निकोव्हबरोबर जाते का? चौकात रोज दोघांनी असं विचारलं, तर अब्रूसाठी का होईना, तो रात्री दोन प्रकरणं पुढे सरकेल. पिएर बेझुखोव्हलाही दाढी-मिशी वाढते ती फ्रेंचांच्या कैदेत, आणि सुटून आल्यावर नताशाला तो नुकता न्हाऊन आल्यासारखा स्वच्छ वाटतो. म्हणजे टॉलस्टॉयच्या हिशेबातही दाढी मुदतीपुरतीच होती.

राहिला प्रश्न कांदेपोह्यांचा. मुलीकडचे येणार म्हटल्यावर वडील वस्तरा घेऊन दारात उभे राहतात आणि पुष्कळ हुंड्या त्या दिवशी मुदतीआधीच बुडतात. तिथेही न्याय एकच असावा. कादंबरी अर्धवट असेल, तर दाढी निमूटपणे उतरवावी, मुलगी पसंत पडो न पडो. पण 'वॉर अँड पीस'च्या उपसंहाराचा दुसरा भाग, जिथे गोष्ट केव्हाच संपलेली असते आणि टॉलस्टॉय इतिहास कशाने घडतो यावर पानामागून पानं लिहीत सुटतो, तो भाग ज्याने एकही ओळ न गाळता वाचला असेल, त्याच्या दाढीला हात लावायचा अधिकार बापाला नाही, सासऱ्याला नाही आणि पीटर द ग्रेटलाही नाही.